खिळ्यावरचे कागद

गुंडी दुपारी झोपली की मी शब्द लिहायला बसते. शाळकरी मुलांसाठी एक इंग्रजी-मराठी कोश तयार होतो आहे, त्यातले थोडे शब्द माझ्या वाट्याला आलेत. शब्दाचा अर्थ, त्याचा वापर आणि तो मुळात आला कुठून, एवढं चार ओळींत सांगायचं. घरबसल्याचं काम आहे, असं सगळे म्हणतात. बसायला मिळालं तर आहेच.

आईचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर 'पॅटर्न' होता आणि मांडीवर गुंडी. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की त्याला परका म्हणायची लाज वाटावी. डॉक्टरीणबाई विचारतात, बाळाच्या झोपेचा पॅटर्न काय? मी सांगते, पॅटर्न नाही, लहर आहे. शेजारच्या मुलाच्या परीक्षेचा पॅटर्न बदलला, तर त्याच्याहून जास्त अभ्यास त्याची आईच करते आहे. नवरा फोनच्या काचेवर बोटानं पॅटर्न काढतो, आणि ते बघून बघून गुंडीही सांडलेल्या दुधात बोट फिरवते. हे सगळं मी 'वापर' म्हणून टिपून ठेवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या शब्दानं माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात भिंतीच्या वरच्या अंगाला ठोकलेले लांब खिळे, आणि त्यांवर लटकणारे, एकेका गिऱ्हाइकाच्या मापानं कापलेले खाकी कागद. पंखा लावला की ते एकमेकांवर घासून सळसळायचे. मी टेबलाखाली कातरणाच्या ढिगात झोपायचे ती त्या आवाजावर.

आई सांगत होती की दुकान सोडायचं ठरलं. महिना संपला की किल्ली द्यायची. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळणार. सांगताना ती मध्येच भाजीवालीशीही बोलत होती, म्हणजे तिला रडायचं नव्हतं.

ठरणारच होतं. बाबांना झटका आला त्यानंतर त्यांचा उजवा हात परत आला, पण बोटं काही पुरती परत आली नाहीत. चमचा धरतात, कात्री नाही. एकदा त्यांनी जुन्या चादरीवर कात्री चालवून पाहिली होती. काप वाकडा गेला. त्यांनी कात्री तेलाच्या बोळ्यानं पुसली, फ्लॅनेलमध्ये गुंडाळली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला. तेव्हापासून तो उघडला नाही, आणि त्याबद्दल बोलायची कुणाची छाती नाही. दुकान काजकाकांनी रेटलं, पँटी आखूड कर, कंबर सैल कर, असल्या कामांवर. काजकाका म्हणजे बाबांचे कारागीर. आयुष्यभर बटणांची काजं केली म्हणून काजकाका. माझ्या मुलीचं गुंडी हे नावही त्यांचंच. बारशाआधीच फोटो बघून म्हणाले होते, गोल, गुळगुळीत आणि सारखी निसटणारी, म्हणजे गुंडीच.

फोन ठेवल्यावर मला एकदम जाणवलं की गुंडी वर्षाची होत आली आणि तिच्या अंगावर बाबांच्या हातचं काहीच चढलेलं नाही. माझं तर सगळं लहानपण त्यांच्या हातचं. चौकोनी खिशांचे, पाठीला बटणं लावलेले, आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेले फ्रॉक. मी वाढले की शिवण उसवून तेच मोठे करायचे. गुंडीसाठी एक तरी फ्रॉक त्या टेबलावर व्हायला हवा होता, दुकान आहे तोवर. आईला तसं म्हटलं तर ती आवाज खाली आणून म्हणाली, त्यांना विचारू नकोस बाई. नाही म्हणताना त्यांना फार त्रास होतो.

मग मी विचारायचं नाही असं ठरवलं. खिळ्यावर माझ्या लहानपणीच्या फ्रॉकचा कागद असणारच. तो घ्यायचा, बाबांपुढे पसरायचा, ते नुसतं सांगतील आणि मी कापीन. एवढा बेत बांधून मी गुंडीला काखोटीला मारलं आणि दिवसभराचा प्रवास करून माहेरी गेले.

दुकानात पाऊल टाकलं तर लग्नघरासारखी गर्दी. बाबांनी ठरवलं होतं की कागद रद्दीत जाणार नाहीत, ज्याचे त्याला परत मिळतील. काजकाका स्टुलावर चढून एकेक कागद उतरवत होते, खाली बाबा खुर्चीत बसून तो कुणाचा ते सांगत होते. बाबा कागदावर नाव लिहीत नसत. नावं सारखी असतात, अंगं सारखी नसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कागदांवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: पोस्टवाले, डावा खांदा उतरता, बसताना पाय पसरतात, घाई फार.

बाबांची एक पद्धत होती. मुलगा पहिल्यांदा फुलपँट-शर्ट शिवायला आला की टेपाच्याही आधी ते काठीनं त्याच्या वडिलांचा कागद खाली उतरवत. तो टेबलावर पसरून त्याच्यावर नवा कागद ठेवत आणि मग मापं घेऊन कुठं कमी, कुठं जास्त ते आखत. 'खांदा बापाचाच असतो,' म्हणायचे, 'पोट ज्याचं त्याचं.' पोरगा तिकडे आरशात मिशा शोधत असायचा, त्याचं लक्षही नसे. पण वडील बघत असत. आपल्या अंगावर आपल्या मुलाचं अंग आखलं जाताना बघून भल्याभल्यांची बडबड थांबायची.

आता तेच लोक कागद न्यायला आले होते. एका गलेलठ्ठ गृहस्थांनी आपला उलगडला. कमरेला वर्षावर्षाला चिकटवलेल्या पट्ट्या, एकीवर एक. ते म्हणाले, "मास्तर, ही माझी कंबर आहे की रस्तारुंदीकरण?" बाबा म्हणाले, "मूळ रस्ता आत आहे. सापडला तर बघा." सगळे हसले. मग एक बाई आल्या. त्यांचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, पण बाबांनी तो कागद खिळ्यावरून कधी काढला नव्हता. बाईंनी तो उलगडला नाही. गुंडाळी तशीच खांद्याशी धरली, मी गुंडीला धरते तशी, आणि निघून गेल्या.

गुंडी टेबलाखाली बसून चिंध्या तोंडात घालत होती. टेबलाच्या खालच्या फळीवर मी कधीकाळी खडूनं काढलेली घरं अजून होती. इस्त्रीचा वाफाळ वास, मशीनच्या तेलाचा वास, सगळं जिथल्या तिथं. मी खिळ्यांकडे बघत होते. कागद कमी कमी होत चालले तशी मी उरलेले मोजू लागले. शेवटच्या खिळ्यावरचा शेवटचा कागद किल्ल्या बनवणाऱ्या शेजाऱ्याचा निघाला. मागं उरली ती नुसती भिंत आणि कागदांच्या आकाराचे फिकट डाग.

बाबा चहाला घरी गेले तेव्हा मी काजकाकांना गाठलं आणि विचारलं, माझा कुठाय?

"तुझा काय?"

"माझा पॅटर्न. फ्रॉकचा."

ते स्टुलावरून उतरले, चष्मा कपाळावर चढवला आणि मला न्याहाळून म्हणाले, "तुझा कुठं होता, पोरी? तुझा त्यांनी कधी काढलाच नाही."

मी हसून घेतलं. हसण्यासारखंच होतं ते. अख्ख्या गावाची अंगं त्या भिंतीवर लटकली होती आणि मास्तरांच्या एकुलत्या एका मुलीचं नव्हतं. शब्दाच्या मागं मी इतकी लागले होते, त्या शब्दात मीच नव्हते. काजकाकांच्या ते ध्यानात आलं असावं. ते म्हणाले की मालकांना विचार, मला काय कळतं, मी भोकं पाडणारा माणूस. आणि सुई ओवायला म्हणून पाठ वळवली.

संध्याकाळी जेवणं आवरल्यावर बाबा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. डाव्या हातानं तिला धरलेलं, उजवा नुसता तिच्याजवळ ठेवलेला. गुंडीनं त्या उजव्याच हाताची बोटं एकेक करून उघडायचा उद्योग चालवला होता. बाबांनी विचारलं, काय संपादकीणबाई, हल्ली कुठल्या अक्षरावर? मी म्हटलं, तुमच्याच शब्दावर आहे, पॅटर्न. तर म्हणाले, तो काय आमचा? साहेबाचा तो.

मग मी जे काढलं होतं ते त्यांना सांगितलं. लॅटिन भाषेत बापाला जो शब्द आहे, त्यावरून पाठीराख्याला, सांभाळणाऱ्या माणसाला एक शब्द झाला. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ज्याच्याकडे बघून बाकीच्यांनी चालायचं तो माणूस, असा त्याचा अर्थ होता. पुढं पुढं ज्याच्याकडे बघून दुसरी वस्तू करायची ती वस्तू, असाही झाला. इंग्रजीत त्याचे हळूहळू दोन शब्द झाले, एक आश्रयदात्याचा आणि एक हा, खिळ्यावरचा. फ्रेंच माणूस मात्र दुकानाच्या मालकाला आणि शिंप्याच्या कागदाला आजही एकाच नावानं हाक मारतो.

"म्हणजे कागद म्हणजे बाप," बाबा म्हणाले. त्यांना गंमत वाटली होती.

"मुळात, हो."

आई भांडी पुसता पुसता ऐकत होती. तिनं विचारलं, आणि आईचा शब्द कुठला गं दुकानात? मी जरा विचार केला आणि म्हटलं, मटेरियल. ज्यापासून वस्तू बनते ते. तो शब्द लॅटिनमधल्या आईवरून आला असं पुष्कळ लोक मानतात.

आईनं वाटी पालथी घातली. "बरोबर आहे. बाप खिळ्यावर टांगलेला, आणि कापायचं ते आईला."

बाबा इतके हसले की गुंडी दचकली आणि मग तीही हसली. हसणं ओसरलं. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"बाबा, माझा का नाही काढलात?"

त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. काजकाकांनी दुकान बंद करतानाच कानावर घातलं असणार. त्यांनी गुंडीचा पाय मुठीत धरला आणि तिच्याचकडे बघत बोलले.

"कागद कुणाचा काढायचा? जो वर्षातून एकदा येणार त्याचा. त्याचं अंग आपल्या लक्षात राहणार नाही म्हणून काढायचा. तू तर टेबलाखालीच असायचीस. तुझा कशाला काढू? हात लावला की माप."

मला ते आठवलं. टेप माझ्या अंगाला कधी लागलाच नव्हता. बाबा हाक मारायचे, मी चिंध्यांतून बाहेर यायचे, ते मला टेबलावर उभं करायचे आणि वितेनं मोजायचे. पाठीवर एक वीत, चार बोटं. दंडाला अंगठा आणि तर्जनी. माणूस माप देताना श्वास धरतो, छाती फुगवतो, खोटं माप देतो, असं त्यांचं पक्कं मत; मोठ्यांना ते बजावायचे, श्वास सोडा, आहात तसे उभे राहा. मला मात्र काखेत गुदगुली करायचे, म्हणजे श्वास आपोआप सुटायचा. मग तेवढ्या मापानं खडू थेट कापडावर.

बाबांनी गुंडीचा पाय सोडला आणि म्हणाले, "हिचा काढायला पाहिजे. ही लांब राहते."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर दोघींनाही आवरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात टेबल, एक मशीन आणि आम्ही एवढेच होतो. बाकीचं सामान टेम्पोत चढलं होतं. बाबांनी गुंडीला टेबलावर उभी करायला सांगितलं. ती माझ्या हाताला धरून डुलत होती. बाबांनी डावा हात तिच्या पाठीवर पसरला. हात जरा परका वाटला असावा त्यांना, कारण एकदा उचलून पुन्हा ठेवला. तिनं पोट पुढं काढून श्वास धरला, अगदी मोठ्या गिऱ्हाइकासारखा. काजकाका म्हणाले, बघा, खानदानी गिऱ्हाईक. बाबांनी काखेत बोट घातलं. ती खिदळली, श्वास सुटला आणि बाबा म्हणाले, "लिही. वीत, वर दोन बोटं. माझी वीत, तुझी नव्हे."

मी खाकी कागदावर त्यांचीच वीत ठेवून घेतली, कडेनं खूण केली. ते सांगत गेले, मी आखत गेले. गळा उथळ ठेव, ह्या वयात मान कुठं असते. मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती गोलाई, नीट उतरव. तिथंच मुलं रडतात. कागद कापायला साधी कात्री घेतली. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हा त्या दुकानातला कायदा मी बोलायला लागायच्या आधी शिकले होते.

कागद झाला. काजकाकांनी पिवळ्या सुती कापडाचा तुकडा पसरला, त्यावर कागद ठेवून टाचण्या लावल्या. मी खडू फिरवला, कडेनं माया सोडून दुसरी रेघ मारली. आणि मग सगळेच थांबले, कारण आता ती कात्री लागणार होती.

बाबा उठले. खण उघडला. फ्लॅनेलची गुंडाळी तशीच माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, सोड. आत कात्री काळी, जड, तेलाचा वास येणारी. लहानपणी तिला हात लावला म्हणून एकदाच धपाटा खाल्ला होता मी. तिच्या मुठीत बाबांच्या अंगठ्यानं घासून झालेला खळगा होता. माझा अंगठा त्यात हरवला.

सरळ कड मी कापली. कशीबशी, पण सरळ. मुंढ्याची गोलाई आली तिथं माझा हात अडला. जरा जास्त वळला असता तर कापड गेलं असतं, आणि कापड तेवढंच होतं. मी म्हटलं, बाबा, मला नाही जमणार, काकांना सांगा. काजकाका लगेच म्हणाले, माझं नाव काढू नकोस, मी कापडाला भोकं पाडतो, तुकडे नाही.

बाबा माझ्या शेजारी आले. उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. बोटांत ताकद नव्हती. नुसतं वजन होतं, आणि ऊब.

"जोर तुझा," ते म्हणाले. "वळण माझं."

मी दाबलं. त्यांचा हात माझ्या हातावरून फिरला, आणि त्याबरोबर माझं मनगट फिरलं. कात्रीचा तो लांब, ओला वाटणारा आवाज आला, जो मी टेबलाखालून ऐकत मोठी झाले होते. गोलाई संपेपर्यंत मी श्वास धरला होता. संपल्यावर बाबांनी तुकडा उचलून उजेडात धरला, कडेवर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकलेली नाही.

फ्रॉक काजकाकांनी मशीनवर टाकला. त्या दुकानातली ती शेवटची शिवण. पाठीवरची काजं त्यांनी हातानं केली, आणि म्हणाले की गुंडीला काज माझ्याशिवाय कोण करणार. आईनं धुऊन इस्त्री करून तो तिला घातला तेव्हा पिवळ्या फ्रॉकमधली गुंडी रिकाम्या दुकानातून भिंतीला धरून फिरली, आणि एकेका खिळ्याखाली थांबून वर बघून काहीतरी बोलली. बाबांनी किल्ली दिली. कात्री फ्लॅनेलमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. हवी का, असं विचारलं नाही. फक्त बजावलं, कागदाला लावू नकोस.

गुंडीचा कागद आता माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असतो. त्यावर बाबांनी डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलंय: गुंडी, उभी राहत नाही. मध्ये मध्ये त्यांचा फोन येतो. आधी मुंढ्यात किती वाढली ते विचारतात, मग मी कशी आहे ते. मी सांगते, ते म्हणतात, बाजूनं अर्धं बोट पट्टी लाव. मी लावते. दोन पट्ट्या झाल्यात.

शब्द मी पाठवून दिला. अर्थ लिहिताना नमुना, साचा असं सगळं दिलं, आणि त्याआधी, सगळ्यांत पहिला, वळण हा शब्द टाकला. वापराचं वाक्य दिलं: मास्तरांनी आधी कागदाचा पॅटर्न कापला, मग कापड. मूळ दिलं: बाप या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून. चार ओळींत बसलं.

आज दुपारी गुंडी झोपली नाही, म्हणून तिला ओट्यावर उभी केली आणि पाठीवर वीत पसरली. माझी वीत बाबांच्या वितेहून बरीच लहान आहे, ते धरून मी मोजते. तिनं लगेच पोट पुढं काढलं, गाल फुगवले आणि श्वास धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या काखेत बोट घातलं.